इटलीचं १९६० : एका वर्षाचे सिनेमे एकत्र पाहताना

दुसरी_घंटा

परदेशी सिनेमे आपण दिग्दर्शक धरून बघतो. फिल्म सोसायटीत असताना आम्हीही तसेच बघितले, एक आठवडा फेलिनीचा, एक दे सिकाचा. प्रत्येक जण डोक्यात आपापल्या कप्प्यात जाऊन बसला. ही सगळी माणसं एकाच वेळी, एकाच गावात, कित्येकदा तेच नट आणि तेच लेखक घेऊन काम करत होती, हे कधी लक्षातच आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात दिग्दर्शक सोडले आणि वर्ष धरलं. इटली, १९६०. फेब्रुवारीत लागलेल्या सिनेमापासून डिसेंबरपर्यंत, जमेल तसं क्रमाने. चौदा सिनेमे बघून झाले आणि आता त्याबद्दल कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हा धागा.

१९६० का, तर युद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती आणि देशात पैसा खेळू लागला होता. मिलान-तोरिनोचे कारखाने जोरात होते, दक्षिणेतून गाड्या भरभरून माणसं उत्तरेला येत होती, ऑगस्टअखेर रोमला ऑलिम्पिक भरायचं होतं. टीव्ही आला होता, पण घरोघरी पोचला नव्हता. त्या एका वर्षात इटलीत सिनेमाची सत्तर कोटींच्या वर तिकिटं विकली गेली. लोकसंख्या होती पाच कोटी. म्हणजे तान्ह्या पोरापासून आजीपर्यंत प्रत्येकाने वर्षाला चौदा-पंधरा सिनेमे पाहिले, असा हिशेब होतो.

वर्षाची सुरुवात 'ला दोल्चे व्हिता'ने. फेब्रुवारीत मिलानला पहिल्या खेळाला फेलिनीच्या अंगावर कुणीतरी थुंकलं. व्हॅटिकनच्या दैनिकाने अग्रलेखाला मथळा दिला 'पुरे!'. संसदेत प्रश्न विचारले गेले. आणि लोकांनी थिएटरवर रांगा लावल्या. मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला पाल्म दॉर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं, परीक्षकांचा अध्यक्ष होता कादंबरीकार जॉर्ज सिमेनों. त्याच महोत्सवात आन्तोनिओनीच्या 'लाव्हेन्तुरा'ची हुर्यो उडवली गेली. सप्टेंबरमध्ये व्हेनिसच्या महोत्सवात विस्कोंतीचा 'रोक्को आणि त्याचे भाऊ'. डिसेंबरात सोफिया लॉरेनचा 'ला चोचारा'. यातला कुठलाही एक सिनेमा एखाद्या देशाला दहा वर्षं मिरवायला पुरेल.

पण मला बोलायचंय ते या चौघांच्या पलीकडचं. क्रमाने बघत गेल्यावर एक गोष्ट दिसते, जी सुटे सुटे बघताना दिसत नाही. या एका वर्षात पाच तरी महत्त्वाचे सिनेमे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांवर, १९४३ ते ४५ वर, आहेत. रोसेलिनीचा 'एरा नोत्ते आ रोमा', कोमेन्चिनीचा 'तुत्ती आ काझा', व्हान्चिनीचा 'ला लुंगा नोत्ते देल क्वारान्तात्रे', पोन्तेकोर्व्होचा 'कापो' आणि दे सिकाचा 'ला चोचारा'. पन्नाशीच्या दशकात हा विषय जवळजवळ मिटवून टाकल्यासारखा होता, सरकारला आणि सेन्सॉरला तो नको होता. १९५९ साली व्हेनिसचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्णसिंह, मोनिचेल्लीचा पहिल्या महायुद्धावरचा सिनेमा आणि रोसेलिनीचा 'जनरल देल्ला रोव्हेरे' यांना विभागून मिळाला, दोन्ही चांगले चालले, आणि निर्मात्यांची भीड चेपली. म्हणजे ज्या वर्षी इटलीच्या हातात नवा पैसा खुळखुळत होता, नेमक्या त्याच वर्षी तिला १९४३ आठवत होतं. 'दोल्चे व्हिता'मधली रात्रभर जागणारी माणसं आणि 'चोचारा'तली रस्त्यावरची मायलेक ही एकाच घरातली माणसं आहेत, असं मला बघताना सारखं वाटत राहिलं.

तुम्ही यातले कुठले पाहिलेत? काय आठवतं?

रातराणी

छान धागा, वाचनखूण साठवली आहे.

पण 'लाव्हेन्तुरा'बद्दल मनापासून विचारते. मी तो दोनदा पाहिला. श्रीमंत मंडळी होडीतून एका ओसाड बेटावर जातात, त्यातली आन्ना नावाची मुलगी नाहीशी होते, तिला शोधतात, आणि मग शोधायचं सोडूनच देतात. ती गेली कुठे? सिनेमा सांगत नाही, ठीक आहे, पण सिनेमाला स्वतःलाही तिची आठवण राहत नाही! दोन्ही वेळा मला आन्नासाठी वाईट वाटलं. कानमधल्या लोकांनी आरडाओरडा केला त्यात त्यांची काय चूक?

खिडकीजवळची_सीट

रातराणी, तुम्हाला आन्नासाठी वाईट वाटलं म्हणजे सिनेमा तुमच्यापर्यंत पोचला असंच मी म्हणेन. बाकीच्यांना ते वाटेनासं होतं, तीच गोष्ट सांगितली आहे. तिच्या बॅगेत दोन पुस्तकं सापडतात, बायबल आणि फिट्झजेराल्डची कादंबरी. बाप लगेच धीर धरतो की बायबल वाचणारी पोरगी जिवाचं बरंवाईट करणार नाही. एवढंच काय ते तिच्याबद्दल हाती लागतं.

एक प्रसंग पुन्हा बघा अशी विनंती. नोतो गावातला. आन्नाची मैत्रीण क्लाउदिया आणि आन्नाचा प्रियकर सान्द्रो चर्चच्या गच्चीवर आहेत. क्लाउदियाचा हात चुकून एका दोरीला लागतो आणि घंटा वाजते. ती दचकते. मग गावातल्या दुसऱ्या चर्चची घंटा तिला उत्तर देते. मोनिका व्हित्तीचा चेहरा त्या क्षणी जो उजळतो! ती लहान मुलीसारखी दोऱ्या ओढत सुटते. पूर्ण सिनेमात कुणीतरी कुणाला उत्तर दिलंय ते फक्त तिथे, आणि तेही घंटांनी. त्याच गावात थोड्या वेळाने सान्द्रो एका तरुण विद्यार्थ्याचं चित्र बघतो. पोरगा चौकात बसून चर्चची कमान शाईने रेखाटतोय. सान्द्रो किल्ल्यांचा जुडगा हलवत हलवत शाईची दौत त्यावर लवंडतो. स्वतः वास्तुविशारद व्हायला निघालेला माणूस आता इमारतींच्या खर्चाचे अंदाज काढून पैसे मिळवतो, हे आपल्याला आधी कळलेलं असतं. त्यामुळे ती शाई सांडलेली मला अजून दिसते.

हा सिनेमा कसा पुरा झाला तेही सांगण्यासारखं आहे. लिस्का बियान्का हे पानारेआजवळचं नुसतं खडकाळ बेट. चित्रीकरण चालू असताना निर्मिती संस्थेचं दिवाळं निघालं. पैसे नाहीत, समुद्र खवळलेला, होड्या येईनात, काही मंडळी काम टाकून गेली. उरलेल्यांनी रेटून नेलं. अशा हालातून वाट काढून सिनेमा कानला न्यावा आणि प्रेक्षकांनी लांब शॉट चालू असताना 'कापा, कापा' म्हणून ओरडावं. व्हित्ती रडत बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी रोसेलिनीसह बऱ्याच दिग्दर्शक-समीक्षकांनी सह्या करून जाहीर पत्रक काढलं की यापेक्षा चांगला सिनेमा या महोत्सवात आम्ही पाहिलेला नाही. परीक्षकांनीही शेवटी त्याला विशेष पारितोषिक दिलं.

मिलानहून

मी गेली अकरा वर्षं मिलानमध्ये राहते, म्हणून 'रोक्को'बद्दल लिहायलाच हवं.

पारोन्दी कुटुंब लुकानियातून, म्हणजे आजच्या बाझिलिकातातून येतं. विधवा आई आणि चार मुलगे मिलानो चेन्त्रालेला रात्री उतरतात, थोरला आधीच इथे आलेला. ते स्टेशन आजही तसंच आहे, प्रचंड, दगडी, माणसाला मुंगी करून टाकणारं. मग ट्रामने लाम्ब्राते. ट्रामच्या काचेतून दुकानांचे दिवे बघणारी ती पोरं! मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा माझीही पहिली रात्र लाम्ब्रातेच्या बाजूलाच गेली, त्यामुळे ते दृश्य मी शांतपणे बघूच शकत नाही.

सिनेमा पाच भावांच्या नावांनी पाच भागांत आहे. मला सगळ्यात जवळचा चीरो. रात्रशाळा करून आल्फा रोमेओच्या कारखान्यात लागतो. रोक्कोला सगळे संत मानतात, पण घर तगतं ते चीरोसारख्यांमुळे. शेवटी जेवणाच्या सुट्टीत धाकटा लूका त्याला भेटायला कारखान्याबाहेर येतो. भोंगा होतो, चीरो आत जातो. परत जाताना लूका भिंतीवर ओळीने लावलेल्या रोक्कोच्या फोटोंवरून हात फिरवत जातो. रोक्को तोवर मुष्टियुद्धाचा विजेता झालेला असतो, त्याला ते कधीच नको असतं.

आणि इद्रोस्कालो. हा तलाव मुळात पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी खोदलेला. आता तिथे लोक उन्हाळ्यात पोहायला आणि होड्या वल्हवायला जातात. रोक्को आणि त्याचा भाऊ सिमोने दोघांनाही आवडणाऱ्या नादियाचा खून गोष्टीत तिथेच होतो. पण इथल्या प्रांतिक प्रशासनाने चित्रीकरणाला परवानगीच दिली नाही, आमच्या तलावाची बदनामी होईल म्हणून. विस्कोंतीला लातिनाजवळच्या फोल्यानो तळ्यावर जाऊन ते चित्रित करावं लागलं.

गिरणगावकर

माझे आजोबा रत्नागिरीकडून बोटीने मुंबईत आले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. एका खोलीत नऊ जण. त्यामुळे 'रोक्को'मधला एकच प्रसंग सांगतो. पहाटे खिडकीबाहेर बर्फ पडलेला दिसतो आणि घरात एकदम आनंद. बर्फ पडला म्हणजे रस्ता साफ करायला माणसं लागणार, म्हणजे आज काम आहे. आई एकेकाला अंगावरचं पांघरूण ओढून उठवते, मिळेल ते कपडे चढवून सगळे निघतात. आजोबांना गेटवर पहाटे 'आज बदली आहे' असं कळलं की काय वाटत असेल, ते मला इटलीच्या बर्फाने दाखवलं. जास्त लिहवत नाही.

दुसरी_घंटा

गिरणगावकर, फार बरं वाटलं वाचून. आजोबांबद्दल वेगळा धागा काढा, खरंच.

मिलानहून, तुमच्या लाम्ब्रातेच्या मजकुराला जोडून 'रोक्को'च्या सेन्सॉरची हकीकत. व्हेनिसला त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं, पण सुवर्णसिंह गेला एका फ्रेंच सिनेमाला, आणि निकाल ऐकून प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. सिनेमा थिएटरात लागल्यावर मिलानच्या सरकारी वकिलाने काही दृश्यं कापा असा लकडा लावला. शेवटी तोड निघाली ती अशी, की बलात्काराच्या आणि खुनाच्या प्रसंगात पडद्यावर चित्र काळं करायचं. आवाज चालू, चित्र अंधारात. 'लाव्हेन्तुरा'लाही त्याच शहरात त्याच मोसमात खटल्याला तोंड द्यावं लागलं.

हे सगळं कुठल्या उन्हाळ्यात चाललं होतं तेही बघा. वसंतात ताम्ब्रोनी नावाचा पंतप्रधान नवफॅसिस्ट पक्षाच्या मतांवर सरकार चालवू लागला. त्या पक्षाने आपलं अधिवेशन जेनोव्हाला ठरवलं. जेनोव्हा म्हणजे फॅसिस्ट-नाझींविरुद्धच्या प्रतिकाराच्या लढ्यासाठी सुवर्णपदक मिळालेलं शहर. ३० जूनला तिथले कामगार, गोदीवाले, जुने लढवय्ये सगळे रस्त्यावर आले. ७ जुलैला रेज्जो एमिलियात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मेले. त्याच महिन्यात सरकार पडलं. म्हणून म्हणतो की १९४३ वरचे सिनेमे ही त्या वर्षी नुसती आठवण नव्हती. जे प्रश्न सिनेमात होते तेच रस्त्यावर होते.

नीरा_काठ

धागाकर्त्यांनी 'ला लुंगा नोत्ते देल क्वारान्तात्रे'चं नुसतं नाव घेतलंय, मी त्यावर थोडं थांबते. माझ्या मते वर्षातला सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात धारदार सिनेमा हाच आहे.

फेर्रारा. १५ नोव्हेंबर १९४३ च्या पहाटे किल्ल्याच्या खंदकाच्या कठड्याजवळ फॅसिस्टांनी अकरा जणांना गोळ्या घालून मारलं, ही घडलेली गोष्ट. तिच्यावर जॉर्जो बस्सानीने कथा लिहिली. व्हान्चिनीचा हा पहिला मोठा चित्रपट, तो स्वतः फेर्राराचाच. पटकथेत पासोलिनीचाही हात आहे.

किल्ल्यासमोर एक औषधाचं दुकान आहे. वर दुकानदार राहतो, पाय लुळे पडलेले, दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघणारा. त्या रात्री त्याची तरुण बायको जुन्या प्रियकराला भेटायला घराबाहेर गेलेली असते. गोळीबार होतो तो खिडकीतल्या या माणसाच्या डोळ्यांदेखत. बायको परत येते ती मेलेल्या माणसांच्या बाजूने चालत. दोघांनाही एकमेकांनी काय पाहिलं ते कळतं. आणि त्याला खुनी कोण ते ठाऊक असतं. बायको विनवते, तो तोंड उघडत नाही.

शेवट मात्र सरळ १९६० च्या उन्हाळ्यात आहे. तो प्रियकर, ज्याचे वडील त्या अकरा जणांत होते, स्वित्झर्लंडहून परदेशी बायको-मुलाला घेऊन गाव दाखवायला येतो. भिंतीवरच्या पाटीवर वडिलांचं नाव दाखवतो. मग कॅफेत जातो. तिथे तोच माणूस बसलेला असतो ज्याने त्या रात्रीचा बेत आखला. दोघं हात मिळवतात. बायको विचारते, कोण हा? तो म्हणतो, एक गरीब बिचारा, त्याने कधी फार वाईट काही केलं असेल असं वाटत नाही.

ताम्ब्रोनीचं सरकार पडून जेमतेम महिना झाला आणि हा सिनेमा व्हेनिसला दाखवला गेला. त्या हस्तांदोलनाने सभागृहातल्या किती जणांना आपापल्या गावचा कॅफे आठवला असेल!

पडद्यामागे

नीरा_काठ, अप्रतिम लिहिलंत.

मी कॅमेऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. 'दोल्चे व्हिता'मधला व्हिया व्हेनेतो रस्ता बराचसा खरा नाही. खऱ्या रस्त्यावर रात्रभर वाहतूक अडवणं शक्य नव्हतं, म्हणून कॅफे, फुटपाथ, दिव्यांसकट तो रोमच्या चिनेचित्ता चित्रनगरीतल्या पाच नंबरच्या स्टुडिओत उभारला. पिएरो गेरार्दीने सगळं हुबेहूब केलं, फक्त एक सोडून. खरा व्हिया व्हेनेतो चढाचा आहे, सेटवरचा सपाट. एकदा कळलं की माणसांच्या चालण्यातून ते लगेच लक्षात येतं, चढावर माणूस असा तरंगत चालत नाही. मला ही चूक वाटत नाही. त्या सगळ्या गर्दीला जमीनच नाही, हे त्या सपाटीमुळे जास्त जाणवतं. गेरार्दीला पुढे याच सिनेमाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं.

त्रेव्ही कारंज्याचं दृश्य सगळ्यांना माहीत आहे, पण ते थंडीत चित्रित झालंय. आनिता एकबर्ग तासन्‌तास त्या पाण्यात उभी राहिली. मास्त्रोयान्नीने आतून रबरी पोशाख घातला होता, असं फेलिनीच सांगायचा.

दुसरी गोष्ट मारिओ बावाची. कुणी अजून 'ला मास्केरा देल देमोनिओ'चं नाव काढलं नाही. हाही १९६० चाच, ऑगस्टमधला. बावा तोवर कॅमेरामन म्हणून दुसऱ्यांचे अडलेले सिनेमे पुरे करून देणारा माणूस, दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव आलं ते इथे. वडील मूकपटांच्या काळापासून याच धंद्यात, शिल्पकार आणि छायाचित्रणातले किमयागार. बावाची एक जुनी युक्ती सांगतो, १९५७ च्या 'इ व्हाम्पिरी'तली. बाई एकाच शॉटमध्ये, कट न करता, म्हातारी होते. सुरकुत्या रंगवायच्या लाल रंगाने. कृष्णधवल फिल्म, त्यामुळे लाल प्रकाशात त्या दिसत नाहीत. प्रकाशाचा रंग हळूहळू बदलत नेला की चेहऱ्यावर एकेक रेघ उमटायला लागते. नुसता दिव्यांचा हिशेब! 'मास्केरा'त धुकं, वठलेली झाडं आणि बार्बरा स्टीलचे डोळे एवढ्या भांडवलावर त्याने जे उभं केलं त्यावर इटलीतला भयपट पुढची वीस वर्षं जगला. इंग्लंडमध्ये त्यावर १९६८ पर्यंत बंदी होती.

रातराणी

नोतोचा प्रसंग काल रात्री पुन्हा पाहिला. घंटा वाजते तेव्हा मीही हसले. आन्नाबद्दलचं माझं मत तेच आहे, पण क्लाउदियावरचा राग गेला.

केशरी_सांज

'ला चोचारा' माझ्या आईचा आवडता. तिने तो टीव्हीवर रात्री उशिरा पाहिला होता, गोष्ट तिला तोंडपाठ आहे.

चोचारिया हा रोमच्या दक्षिणेकडचा डोंगराळ मुलूख, तिथली बाई ती चोचारा. चेझिरा रोममध्ये किराणा दुकान चालवते, बॉम्बफेक वाढते तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आपल्या गावाकडे निघते. मोराव्हियाची कादंबरी, पटकथा झाव्हात्तीनीची. मुळात आईचं काम आन्ना मान्यानीने आणि मुलीचं लॉरेनने करायचं ठरत होतं. मान्यानी नाही म्हणाली. मग पंचविशीच्या लॉरेननेच आई व्हायचं ठरवलं आणि मुलीचं वय खाली आणलं. या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या अभिनयासाठी मिळालेलं ते पहिलंच.

युद्ध संपत आलेलं, दोस्त सैन्य आलेलं, आता सगळं नीट होणार असं वाटत असताना मायलेकी पडक्या चर्चमध्ये जरा टेकतात आणि तिथे त्यांच्यावर अत्याचार होतो. मे १९४४ मध्ये त्या भागात फ्रेंच फौजेतल्या मोरोक्कन सैनिकांनी अशा असंख्य बायकांवर अत्याचार केले, तिथे आजही त्यासाठी वेगळा शब्द आहे. आई नेहमी सांगते ते त्यानंतरचं. लॉरेन रस्त्यावर येऊन सैनिकांच्या गाडीसमोर बसते, मूठभर माती उचलून गाडीमागे फेकते आणि ओरडते. गाडीतल्यांना काही कळत नाही, ते निघून जातात. मुलगी मात्र गप्प झालेली असते, अगदी दगड. ती रडते ते शेवटी, गावाकडे भेटलेला, तिला आवडणारा तरुण मिकेले मेल्याचं कळल्यावर. आई म्हणायची, "ती रडली तेव्हा मला हायसं वाटलं." मी तेव्हा लहान होते, मला कळायचं नाही की कुणी रडल्यावर हायसं कसं वाटतं.

खिडकीजवळची_सीट

तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

'कापो'बद्दल कुणी बोलत नाही म्हणून एक मुद्दा मांडतो. छळछावणीवरचा हा सिनेमा ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, पण फ्रान्समध्ये समीक्षक जाक रिव्हेतने त्यातल्या एकाच शॉटवर एक लेख लिहिला. कैद्याच्या भूमिकेतली एमानुएल रिव्हा विजेच्या तारांवर झेप घेते, आणि कॅमेरा तिच्या मृतदेहाकडे सरकतो, हात चौकटीत नीट यावा म्हणून. रिव्हेतचं म्हणणं, अशा मरणाला सुंदर चौकट शोधणं हा गुन्हा आहे. मी तो शॉट पाहिला, काही सेकंदांचा आहे. रिव्हेत बरोबर आहे असं मला वाटतं.

नीरा_काठ

मला तितकं टोक पटत नाही. पोन्तेकोर्व्हो स्वतः प्रतिकाराच्या लढ्यात होता, ज्यू कुटुंबातला होता, त्याच्या हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. ते सरकणं खटकतं हे खरं. पण नवीन कैद्यांतली एक मुलगी दुसऱ्या मेलेल्या मुलीचं नाव घेऊन जगते आणि जगण्यासाठी हळूहळू पहारेकऱ्यांची हस्तक होते, हा पहिला तासभर मी श्वास रोखून पाहिला. एका शॉटपायी तो सोडू नका, एवढंच.

मिलानहून

एक गंमत लक्षात आली का? तीच माणसं सगळीकडे आहेत. मास्त्रोयान्नी त्या वर्षी 'दोल्चे व्हिता', 'इल बेलान्तोनिओ' आणि 'आदुआ ए ले कोम्पान्ये' तिन्हींत. क्लाउदिया कार्दिनाले 'रोक्को', 'बेलान्तोनिओ' आणि 'इ देल्फिनी'त. 'रोक्को'चा सिमोने, रेनातो साल्व्हातोरी, 'चोचारा'तला ट्रकवालाही तोच. 'दोल्चे व्हिता' आणि 'रोक्को' दोन्हीचं संगीत नीनो रोताचं. पासोलिनी तर अजून दिग्दर्शक झालाच नव्हता, पण लेखक म्हणून जिकडेतिकडे.

आणि आवाज! तिथे सगळं नंतर डब व्हायचं. आलाँ देलाँ फ्रेंच, कातिना पाक्सिनू ग्रीक, तरी ते इटालियन आई-मुलगा म्हणून खपून गेले ते त्यामुळे. कार्दिनाले ट्युनिसियात वाढलेली, फ्रेंच बोलणारी, घोगऱ्या आवाजाची. १९६३ पर्यंत पडद्यावर तिला स्वतःचा आवाजच मिळाला नाही.

दुसरी_घंटा

अगदी बरोबर, मला हेच म्हणायचं होतं. एका मोहल्ल्यातली माणसं आहेत ही.

'आदुआ'चं नाव निघालं म्हणून. १९५८ च्या मेर्लिन कायद्याने इटलीतली सरकारमान्य वेश्यागृहं बंद झाली. त्यातून बाहेर पडलेल्या चौघी जणी रोमबाहेर खाणावळ काढतात. मनात असतं की खाली जेवण आणि वर जुना धंदा. पण खाणावळ चालायला लागते. गिऱ्हाइकं खरंच जेवायला येतात, जेवण आवडलं म्हणतात, आणि या बायकांना आयुष्यात पहिल्यांदा कळतं की आपण आणखी काही करू शकतो. मग ज्याच्या नावावर परवाना आहे तो माणूस दरमहा पैसे मागायला येतो. सिमोन सिन्योरे अशी काही खचत जाते की शेवटचा पाऊस बघवत नाही. पिएत्रान्जेलीचा हा सिनेमा फेलिनीच्या सावलीत झाकून गेला, फार वाईट वाटतं.

आणि 'तुत्ती आ काझा'. ८ सप्टेंबर १९४३, शस्त्रसंधी जाहीर होते, वरून हुकूम येत नाहीत. आल्बेर्तो सोर्दीचा सेकंड लेफ्टनंट फोनवर कर्नलला सांगतो की अघटित घडलंय, जर्मन अमेरिकनांना जाऊन मिळालेत! आपल्यावर गोळ्या झाडणारे जर्मन आपले शत्रू झालेत हे त्याच्या डोक्यातच येत नाही. आपण हसतो, आणि मग दीड तास त्याच्याबरोबर चालत चालत दक्षिणेला जातो. घरी पोचतो तर बाप, एदुआर्दो दे फिलिप्पो, त्याला पगारासाठी पुन्हा फॅसिस्टांच्या फौजेत पाठवायला बघतो. नेपल्सला पोचेपर्यंत आपलं हसू थांबलेलं असतं.

पडद्यामागे

हे सिनेमे आपल्यापर्यंत कसे आले तेही या धाग्यात असू द्या. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, तिथे दे सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' आपल्या लोकांनी पाहिला, आणि बिमल रॉयनी पुढच्याच वर्षी 'दो बिघा जमीन' आणला. रोसेलिनी १९५६ च्या अखेरीस भारतात आला, इथे त्याने केलेला सिनेमा १९५९ ला कानला दाखवला गेला. आणि १९६० ची सांगायची तर, त्याच वर्षी पुण्यात प्रभातच्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झालं. १ मे ला महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा कानचा तो महोत्सव तीन दिवसांवर आला होता.

रातराणी

कुठून सुरुवात करू? 'रोक्को' तीन तासांचा आहे म्हणून टाळत आलेय.

दुसरी_घंटा

'तुत्ती आ काझा'ने करा, मग 'लुंगा नोत्ते', मग 'आदुआ'. 'रोक्को' सुट्टीच्या दिवशी, अधे न थांबता. फक्त प्रत बघून घ्या. बोलोन्याच्या सिनेसंग्रहालयाने २०१५ मध्ये मूळ निगेटिव्हवरून नीट केलेली प्रत आहे, तीच मिळवा. मिलानच्या वकिलाने काळी करायला लावलेली दृश्यं तिच्यात पुन्हा दिसतात. मी आधी जुनी प्रत पाहिली होती, तळ्याकाठी अचानक अंधार व्हायचा आणि मला वाटायचं रिळ खराब आहे. नव्या प्रतीत नादिया दोन्ही हात पसरून उभी राहते ते स्पष्ट दिसतं, मागे पाणी, करड्या आभाळाचं.

मिलानहून

रातराणी, रविवारी बघणार असाल तर सांगा. मीही इथे लावते, तुमच्या वेळेला.